तुटलं की तोडलं? दुरावलेल्या मैत्रीचे इंग्रजी वाक्प्रचार

नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. सात ते साडेआठ. हिंजवडीहून बस बदलत येणारी दोन-तीन मुलं, लक्ष्मी रोडवर दुकानांत काम करणारे काहीजण आणि मुलंबाळं मार्गी लागल्यावर स्वतःसाठी वेळ काढणाऱ्या चार बायका, असा आमचा वर्ग. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या एक काकू तास संपल्यावर मागे थांबल्या. सगळे जिना उतरून गेल्यावर त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे वाचा जरा. मी काही वावगं लिहिलंय का?"

काकूंचं शिक्षण कॅम्पातल्या एका शाळेत झालेलं. तिथे एक गोव्याकडची कॅथलिक मुलगी त्यांच्या बाकावर सहा वर्षं शेजारी बसायची. दोघी आपसात मराठी-हिंदीची मिसळ करून बोलायच्या. पुढे लग्नं झाली, मैत्रीण मँचेस्टरला गेली आणि तीस वर्षांत एक पत्रही नाही. मग शाळेच्या कुठल्याशा ग्रुपवरून तिला काकूंचा नंबर मिळाला आणि तिने इंग्रजीत मेसेज पाठवला. त्यात तीन वाक्यं महत्त्वाची होती: 'आय अ‍ॅम सो सॉरी वी ड्रिफ्टेड अपार्ट. आय लॉस्ट टच विथ द होल सर्कल. आय वुड लव्ह टु कॅच अप.'

काकूंनी दोन रात्री शब्दकोश घेऊन उत्तर तयार केलं. कुणाची मदत न घेता, कारण हे उत्तर त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं: 'येस, वी फेल आउट आफ्टर वी पास्ड आउट. आय कट ऑल टाइज आफ्टर मॅरेज. बट नो हार्ड फीलिंग्ज.'

त्यांना म्हणायचं होतं, "हो गं, शाळा सुटल्यावर आपण दुरावलो. लग्नानंतर माझा सगळ्यांशीच संपर्क तुटला. पण माझ्या मनात काही नाही." समोर जे पोचलं ते असं होतं: "हो, शाळेनंतर आपलं भांडण झालं. लग्नानंतर मी ठरवून सगळ्यांशी संबंध तोडून टाकले. पण जाऊ दे, मी राग धरलेला नाही."

तीन आठवडे उत्तर आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बराच वेळ बोललो आणि पुढचे चार तास मी वर्गात फक्त याच विषयावर घेतले. कारण ही चूक एकट्या काकूंची नाही. इंग्रजी बऱ्यापैकी बोलणारी, ऑफिसात दिवसभर इंग्रजीत मेल लिहिणारी माणसंही इथे अडखळतात. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर आणि तरी समोरच्याच्या मनाला ओरखडा.

या चुकीवरची किल्ली आपल्याच भाषेत सापडते. मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत: तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं, फुटणं-फोडणं, पडणं-पाडणं. यांतला फरक दोन-तीन वर्षांच्या मुलालाही कळतो. कप खाली पडून तुकडे झाले की ते "कप फुटला" म्हणतं, "मी फोडला" कधीच म्हणत नाही. पहिल्या रूपात कुणाचा हात नाही, दुसऱ्यात आहे. मैत्रीबद्दलही आपण हेच करतो. "आमचा संपर्क तुटला" आणि "मी संपर्क तोडला" या दोन वाक्यांतल्या क्रियापदांत दोन अक्षरांचा फरक आहे, पण दुसरं वाक्य ऐकल्यावर ऐकणारा "का, काय झालं?" असं विचारल्याशिवाय राहत नाही.

इंग्रजीत ही सोय फार थोड्या क्रियापदांना आहे. 'द कप ब्रोक' आणि 'आय ब्रोक द कप', शब्द एकच. मग नात्याच्या बाबतीत आपोआप घडलं की कुणी घडवलं, हे इंग्रजी माणूस सांगतो कसं? वाक्प्रचार बदलून. आपण जे काम दोन अक्षरांवर करतो, ते तिथे अख्खा वाक्प्रचार करतो. म्हणून प्रत्येक वाक्प्रचार शिकताना अर्थाच्या आधी एवढंच विचारायचं: यात तुटलंय की तोडलंय?

'लूज टच' घ्या. 'लूज' म्हणजे हरवणं. छत्री आपण बसमध्ये मुद्दाम ठेवत नाही, ती राहून जाते. तसाच हा संपर्क राहून गेलेला असतो. 'टच' म्हणजे स्पर्श, हाताच्या अंतरावर असणं. तेव्हा 'वी लॉस्ट टच' म्हणजे आपण एकमेकांच्या हाताशी राहिलो नाही. दोष कुणाचाच नाही आणि हळहळ थोडी आहे. याच 'टच'भोवती इंग्रजीने सगळा संसार मांडलाय. 'कीप इन टच' किंवा 'स्टे इन टच' म्हणजे संपर्कात राहणं, 'गेट इन टच' म्हणजे संपर्क साधणं, 'गेट बॅक इन टच' म्हणजे तुटलेला पुन्हा जोडणं आणि 'पुट इन टच' म्हणजे दोन माणसांची गाठ घालून देणं.

एका ठिकाणी मात्र जपून. आपण पुण्यात सर्रास म्हणतो, "माझा गणिताचा टच राहिला नाही." त्यावरून इंटरव्ह्यूमध्ये मुलं सांगतात, 'आय अ‍ॅम आउट ऑफ टच.' एखाद्या व्यक्तीबद्दल ते चालतं. 'वी आर आउट ऑफ टच' म्हणजे आमचा संपर्क नाही. पण एखादा पुढारी किंवा साहेब 'आउट ऑफ टच' आहे असं म्हटलं, तर त्याला सामान्य माणसाच्या जगण्याची कल्पनाच उरलेली नाही, असा ठपका असतो. सराव सुटलाय एवढंच सांगायचं असेल तर 'आय अ‍ॅम आउट ऑफ प्रॅक्टिस' म्हणावं किंवा 'आय अ‍ॅम अ बिट रस्टी', म्हणजे थोडा गंज चढलाय. आपल्याकडेही डोक्याला गंज चढतोच, त्यामुळे हा वाक्प्रचार मुलांना एकदा सांगितला की पुरतो.

काकूंच्या मैत्रिणीचा पहिला शब्द मला फार आवडतो: 'ड्रिफ्ट'. वल्हं न मारता प्रवाहाबरोबर वाहत जाणं. दोन होड्या शेजारीशेजारी सोडून दिल्या, बांधल्या नाहीत, की पाणी त्यांना हळूहळू वेगळं करतं. कुणी कुणाला ढकललेलं नसतं. संगमावर मुळा आणि मुठा एकत्र येतात, त्याच्या नेमकं उलट चित्र डोळ्यांपुढे आणा. 'वी ड्रिफ्टेड अपार्ट' म्हणताना माणूस सांगत असतो की कुठल्या दिवशी हे झालं ते मला दाखवता येणार नाही. मराठीत 'दुरावलो', 'पांगलो', 'अंतर पडत गेलं' हे त्याच्या जवळचे. त्याचा एक सख्खा भाऊ आहे, 'ग्रो अपार्ट'. त्यात पाण्याऐवजी वाढ आहे: माणसं बदलली, आवडी बदलल्या, एका छपराखाली राहूनही बोलण्यासारखं काही उरलं नाही. नवरा-बायकोबद्दल दोन्ही वापरतात, पण 'ग्रो अपार्ट'ला अंतराची गरजच नाही. मँचेस्टर आणि पुणे 'ड्रिफ्ट' होतात. एकाच सोसायटीतल्या दोन बहिणी 'ग्रो अपार्ट' होऊ शकतात.

आता काकूंची अडचण. 'वी फेल आउट.' हा 'फेल' नापासातला नव्हे, 'फॉल'चा, म्हणजे पडण्याचा भूतकाळ. शब्द पाहिले तर 'बाहेर पडलो'. काकूंना वाटलं, एकमेकींच्या आयुष्यातून बाहेर पडलो. किती सरळ विचार! पण 'फॉल आउट विथ' म्हणजे भांडण होऊन बिनसणं. 'फॉलिंग आउट' हे त्याचं नाम, वितुष्ट. आणि गोंधळ वाढवायला इंग्रजीत 'फॉल आउट ऑफ टच' असाही प्रयोग आहे, ज्याचा अर्थ निव्वळ संपर्क सुटणं. म्हणजे 'वी फेल आउट ऑफ टच' लिहिलं असतं तर सगळं ठीक होतं. शेवटचे दोन शब्द गळले आणि भांडण उभं राहिलं. एनसीसीत गेलेल्यांना 'फॉल इन' आणि 'फॉल आउट' हे हुकूम पाठ असतात: रांगेत या, रांग सोडा. त्याचा इथे काही संबंध लावू नका.

'पास्ड आउट'ची गोष्ट वेगळी. भारतात कॉलेज पूर्ण केलं की आपण पासआउट होतो. हा अर्थ आपण उगाच काढलेला नाही, तो लष्करातून आलाय. प्रशिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या तुकडीच्या संचलनाला आजही पासिंग आउट परेड म्हणतात, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ती वर्षातून दोनदा होते. पण शाळा-कॉलेजबद्दल हा शब्द इंग्लंड-अमेरिकेत वापरत नाहीत. तिथे 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. काकूंची मैत्रीण इथेच शिकलेली, तिला तो अर्थ कळला असणार. तिच्या मँचेस्टरच्या सुनेने वाचला असता तर ती घाबरली असती. 'आफ्टर वी लेफ्ट स्कूल' एवढं पुरेसं आहे.

त्याच प्रबोधिनीच्या परेडमध्ये छात्र शेवटची पावलं टाकत बाहेर पडतात तेव्हा बँडवर वाजते 'ऑल्ड लँग साइन'ची धून. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने १७८८ साली हे गीत लिहून पाठवलं, जुन्या लोकगीताच्या आधाराने. शब्द स्कॉट बोलीतले आहेत, अर्थ साधारण 'फार फार पूर्वीचे दिवस'. जुन्या ओळखी विसरून जायच्या का, असा प्रश्न विचारत ते सुरू होतं. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅम्पात ते ऐकलेल्या पुणेकरांना चाल तरी नक्की ओळखीची वाटेल. इंग्रजीत दुराव्यासाठी एवढे हळवे शब्द का आहेत याचं एक उत्तर मला त्या गाण्यात दिसतं: माणसं कामासाठी, जहाजांवर, फौजेत दूर जात राहिली आणि जुन्या ओळखी मागे राहत गेल्या.

'कट टाइज' म्हणजे सरळ तोडणं. इथे कात्री कुणाच्यातरी हातात आहे. 'टाइज' म्हणजे बंध. याच शब्दाचा दुसरा अर्थ गळ्यातला टाय, आणि 'ओल्ड स्कूल टाय' या वाक्प्रचारात तो खराखुरा कापडाचाच आहे. इंग्लंडमधल्या मोजक्या बड्या शाळांचे ठरावीक पट्ट्यांचे टाय असायचे. टाय पाहिला की शाळा कळायची आणि शाळा कळली की नोकरीचं दार उघडायचं. ती आतल्याआत एकमेकांना पुढे ढकलणारी साखळी म्हणजे 'ओल्ड बॉइज नेटवर्क'. याचं भाषांतर 'माजी विद्यार्थी संघ' असं करू नये. त्यात वशिल्याचा वास आहे.

तोडण्याच्या कुळात पायऱ्या पुष्कळ आहेत. सर्वांत सौम्य म्हणजे 'नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स', आपलं 'बोलचाल नाही'. 'सायलेंट ट्रीटमेंट' म्हणजे अबोला, पण समोरच्याला शिक्षा म्हणून धरलेला. 'कोल्ड शोल्डर' देणं म्हणजे भेटल्यावर थंडपणा दाखवणं, पाठ वळवल्यासारखं. याबद्दल एक कथा फार सांगितली जाते की नकोशा पाहुण्याला मेंढीच्या खांद्याचं गार मांस वाढत, त्यावरून हे आलं. कथा रंजक आहे, पण तिला आधार नाही. सर वॉल्टर स्कॉटच्या १८१६ सालच्या कादंबरीत हा प्रयोग स्कॉट बोलीत येतो आणि तिथे खांदा माणसाचा आहे, ताटातला नाही. 'कट समवन डेड' याहून कडक: समोरून माणूस येतोय, त्याने आपल्याला पाहिलंय, आणि तरी आपण ओळख दाखवत नाही. लक्ष्मी रोडवर गणपतीच्या खरेदीला हे घडताना मी पाहिलंय, आणि ज्याच्यावर ते घडतं त्याचा चेहरा विसरता येत नाही.

'सेंड टु कॉव्हेंट्री' हा खास ब्रिटिश. कॉव्हेंट्री हे इंग्लंडच्या मध्यभागातलं, बर्मिंगहॅमजवळचं शहर. एखाद्याला तिथे 'पाठवलं' म्हणजे त्याच्याशी सगळ्यांनी मिळून बोलणं बंद केलं. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाच्या बाजूच्या कैद्यांना त्या शहरात पाठवत आणि तिथले लोक त्यांच्याशी बोलत नसत, अशी एक उपपत्ती देतात. तिच्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वर्गात कुणीतरी लगेच म्हणालं, "म्हणजे वाळीत टाकणं!" मी तिथे थांबवलं. वाळीत टाकण्यात पाणवठा, पंगत, लग्न, मयत सगळं येतं. माणसांची आयुष्यं त्यात उद्ध्वस्त झालीत, आणि म्हणूनच महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला. कॉव्हेंट्रीला पाठवणं शाळेच्या वसतिगृहात किंवा कारखान्याच्या पाळीत घडतं आणि बहुधा काही दिवसांनी संपतं. दोन्ही शब्द एका तराजूत घालू नयेत.

अलीकडचा 'घोस्टिंग' मुलांना मला शिकवावा लागत नाही. मेसेजला उत्तर न देता भुतासारखं नाहीसं व्हायचं. यात तोडणारा आहे, पण तो तोडल्याचं सांगतही नाही. काकूंनी विचारलं, "मग माझी मैत्रीण मला घोस्ट करतेय का?" त्या प्रश्नावर वर्ग गप्प झाला.

'बर्न ब्रिजेस'बद्दल मी त्यांना भिडे पुलाची आठवण दिली. सैन्य नदी ओलांडून गेलं की मागचा पूल जाळायचं, म्हणजे माघारीचा रस्ताच उरायचा नाही. नोकरी सोडताना साहेबाला नको ते ऐकवून जाणाऱ्याला म्हणतात, 'डोंट बर्न युअर ब्रिजेस.' यात तोडणं तर आहेच, शिवाय परत येण्याची सोयही संपवली आहे. मुठेवरचा भिडे पूल मात्र पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की बुडतो. वाहतूक बंद होते, डेक्कनवरून नारायण पेठेत यायला वळसा पडतो. पाणी ओसरलं की गाळ धुऊन काढतात आणि पूल जागच्या जागी असतो. तीस वर्षं 'लॉस्ट टच' असलेली मैत्री अशी पाण्याखाली असते. काकूंच्या मैत्रिणीने पाणी ओसरलंय का ते पाहायला पाऊल टाकलं होतं, आणि काकूंच्या शब्दांनी तिला सांगितलं की पूल जाळलाय.

आता 'सर्कल'. आपण म्हणतो 'माझं फ्रेंड सर्कल'. बाहेरचा माणूस 'सर्कल ऑफ फ्रेंड्स' म्हणतो किंवा नुसतं 'माय फ्रेंड्स'. 'फ्रेंड सर्कल' ही आपली भारतीय जडणघडण आहे. कळते, पण परकी वाटते. वर्तुळ म्हटलं की आत आणि बाहेर आलंच, आणि इंग्रजीत सगळा खेळ त्या रेषेवर चालतो. 'इनर सर्कल' म्हणजे अगदी आतली, विश्वासातली मंडळी. 'मूव्ह इन द सेम सर्कल्स' म्हणजे एकाच वर्तुळात ऊठबस असणं. ओळख असेलच असं नाही, पण त्याच लग्नांना, त्याच कार्यक्रमांना दोघंही जातात. आपल्याकडे कंपू आहे, जो मूळचा फौजेतला शब्द, कवायती पलटणींना म्हणायचे. गोतावळा आहे, कोंडाळं आहे. आणि कट्टा आहे. कट्ट्याला इंग्रजीत शब्द नाही, कारण कट्टा वर्तुळ नसतोच. तो एका बाजूने उघडा असतो. फर्ग्युसन रस्त्यावरच्या कट्ट्यावर एखाद्याच्या ओळखीचा ओळखीचा येऊन टेकतो, दोन महिने चहा पितो आणि मग त्याचं आडनाव विचारलं जातं. इंग्रजी सर्कलमध्ये शिरताना कुणीतरी 'इंट्रोड्यूस' करावं लागतं.

ती रेषा किती काटेकोर होती ते 'ब्लॅकबॉल'मधून दिसतं. जुन्या क्लबांत नवा सभासद घेताना गुप्त मतदान व्हायचं. पांढरा गोळा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार, आणि अनेक ठिकाणी एक काळा गोळाही पुरत असे. मतदानाला 'बॅलट' म्हणतात तोही लहान गोळ्यासाठीचा इटालियन शब्द. 'ही वॉज ब्लॅकबॉल्ड' म्हणजे त्याला आत येऊ दिलं नाही, आणि कुणी अडवलं ते त्याला कधीच कळणार नाही.

ही वर्तुळं नुसती भाषेतली नाहीत. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलं की माणूस साधारण १५० जणांशी खरी, चालती ओळख राखू शकतो. त्याच्या मांडणीत आत सुमारे ५ जिवलग, मग १५, मग ५०, मग १५०, अशी एकात एक वर्तुळं येतात. आकड्यांवर वाद आहेत, पण वाक्प्रचार समजायला ही चौकट फार कामाची आहे. 'लूज टच' हे बहुधा आतल्या वर्तुळातून बाहेरच्या वर्तुळात, आणि तिथून रेषेपलीकडे सरकत जाणं असतं.

आणि बाहेरच्या वर्तुळाला कमी लेखू नये. 'नॉडिंग अक्वेंटन्स' म्हणजे दिसल्यावर मान हलवण्यापुरती ओळख, आपली तोंडओळख. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा अशा लांबच्या ओळखीतून अधिक येते. कारण सोपं आहे. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं; लांबचा माणूस दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणतो. वर्गातल्या एका मुलाला सध्याची नोकरी बसच्या रांगेतल्या तोंडओळखीतून मिळाली, हे त्याने तेव्हाच सांगितलं.

ओळखीच्या दुसऱ्या टोकाला 'ऑन फर्स्ट-नेम टर्म्स' आहे. शब्दशः 'नावाने हाक मारण्याइतके'. आपण म्हणतो, अरे-तुरेचे संबंध. इथे आपली भाषा जास्त नेमकी आहे, कारण आपल्याकडे 'अहो'वरून 'अगं'वर येणं ही खरी घटना असते. 'फेअर-वेदर फ्रेंड' म्हणजे हवा चांगली असेपर्यंतचा मित्र. असतील शितं तर जमतील भुतं. 'हिट इट ऑफ' म्हणजे पहिल्या भेटीतच गट्टी जमणं. त्यात 'हिट' आहे म्हणून कुणी घाबरू नये. 'आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड'ला मुलं 'दृष्टिआड सृष्टी' म्हणतात, आणि तिथे मी थोडी अडून बसते. दृष्टिआड सृष्टी म्हणजे माघारी काय चालतं ते न पाहिलेलं बरं. इंग्रजी म्हण सांगते की दिसेनासा झालेला माणूस मनातूनही जातो.

हिंजवडीच्या मुलांना एक वेगळी सूचना. ऑफिसातले 'टच बेस', 'सर्कल बॅक', 'रीच आउट', 'कीप मी इन द लूप' हे याच शब्दांचे दूरचे नातेवाईक आहेत, पण त्यांत माया नाही. 'टच बेस' बेसबॉलच्या मैदानातून आलाय, अर्थ दोन मिनिटं बोलून घेऊ. 'सर्कल बॅक' म्हणजे विषयाकडे पुन्हा येऊ, 'रीच आउट' म्हणजे संपर्क साधणं आणि 'कीप मी इन द लूप' म्हणजे मला कळवत राहा. जुन्या मित्राला 'लेट्स टच बेस' लिहिलं तर त्याला मीटिंग लागल्यासारखं वाटेल.

परत जोडण्याच्या वाक्प्रचारांत सर्वांत मोठी अडचण अशी की त्यांतले निम्मे भांडण गृहीत धरतात. 'बरी द हॅचेट' म्हणजे कुऱ्हाड पुरणं. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या तह करण्याच्या रीतीवरून आलेला. 'मेक अप' म्हणजे भांडून पुन्हा एक होणं. 'लेट बायगॉन्स बी बायगॉन्स' म्हणजे झालं गेलं गंगेला मिळालं. आणि काकूंचा 'नो हार्ड फीलिंग्ज' म्हणजे रागावण्यासारखं घडलं खरं, पण मी राग धरला नाही. भांडणच झालं नसेल तर हे शब्द नवं भांडण निर्माण करतात. माफी मिळालेला माणूस विचारात पडतो की माझा गुन्हा काय होता.

भांडणाशिवायच्या दुराव्यासाठी 'कॅच अप' आहे. 'कॅच' म्हणजे पकडणं, पुढे गेलेल्याला गाठणं. मधल्या वर्षांत तू पुढे गेलीस, मीही गेले, आता एकमेकींना गाठू. मराठीत 'गाठणं', 'गाठ पडणं' आणि 'गाठभेट' एकाच घरचे आहेत, त्यामुळे हा वाक्प्रचार आपल्याला पटकन कळतो. 'पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ' म्हणजे पुस्तक जिथे मिटलं होतं त्या पानावरून पुढे. 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणजे खुशालीच्या चार ओळी टाक.

चौथ्या तासाला काकूंनी फळ्यावर नवा मेसेज लिहिला. मी एकही शब्द सुचवला नाही, फक्त एक स्पेलिंग दुरुस्त केलं. 'आय यूज्ड द राँग वर्ड्स. वी नेव्हर फेल आउट. वी जस्ट लॉस्ट टच, अँड आय मिस्ड यू. आय वुड लव्ह टु कॅच अप टू.' तिथेच, सगळ्यांसमोर, तो पाठवला.

दुसऱ्या दिवशी काकू पावणेसातलाच आल्या. रात्रीच उत्तर आलं होतं. मैत्रिणीने लिहिलं होतं की तीन आठवडे ती शाळेतला एकेक दिवस आठवून पाहत होती, आपण नेमकं कुठे दुखावलं ते शोधत. आणि खाली, रोमन अक्षरांत पण मराठीत, एक ओळ होती: "म्हणजे कट्टी नव्हती ना?"

काकूंनी विचारलं, "मॅडम, बट्टीला इंग्रजीत काय म्हणतात?" मी 'मेक अप' म्हणणार होते, पण त्यांचं भांडण झालंच नव्हतं. मी शब्द शोधत होते तोवर त्यांनी 'बट्टी' असंच टाइप केलं आणि पाठवून दिलं.